आधी पाहा, मग उचला

इंदूताई झाडे नागपुरातल्या आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या मोकळ्या मैदानात पालथ्या पडलेल्या सापडल्या. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. दूधवाल्याने आरडाओरडा केला. मी बनियनवरच धावलो. माझ्यामागे आमच्या सौ. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन, आणि तिच्यामागे शेजारच्या मालूकाकू कांदा घेऊन, कारण फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवावा लागतो अशी त्यांची खात्री होती.

आम्ही भोवती उभे राहिलो, तशा इंदूताई न हलता म्हणाल्या, "बाजूले व्हा ना गा. सावली पडून राहिली तुमची."

मग त्या उठून बसल्या, गालाची माती पुसली आणि आम्हाला समजावून सांगितलं. सकाळचं ऊन तिरपं असतं. जमिनीवरचा जो उंचवटा किंवा खोलगटपणा दुपारी उभ्याने दिसत नाही, तो सकाळी आडवं पडून पाहिलं की दिसतो. नव्या जागी आलं की त्या आधी जमीन पाहून घेतात. "लोकं आपोआप दिसतात," त्या म्हणाल्या, "जमिनीले मुद्दाम पाहा लागते." काकूंच्या हातातला कांदा त्यांनी मागून घेतला. घरात सामान लागलं नव्हतं आणि दुपारच्या झुणक्याला कांदा हवाच होता.

मी लेखापरीक्षण खात्यात नोकरी करतो आणि आमच्या समितीचा खजिनदार आहे. कोणी नवीन आलं की कोण, कुठले, काय करतात एवढी माहिती मी घेतो. इंदूताईंच्या बाबतीत मला हे तीनदा विचारावं लागलं. त्या मौद्याकडच्या एका खेड्यातल्या. शेती भावाकडे, आईवडील राहिले नाहीत, लग्न केलं नाही. शिक्षण पुरातत्त्वाचं. आणि काम परदेशात, हरवलेली माणसं शोधण्याचं.

"म्हणजे पोलीस?" मी विचारलं.

"नाही. पोलीस जिवंत माणसं शोधतात. मी बाकीचे शोधते."

कुठे युद्ध होतं, कुठे हुकूमशाही येते, आणि माणसं घरातून नेली जातात ती परत येत नाहीत. वीस-तीस वर्षांनी राज्य बदलतं. मग त्या देशाच्या विनंतीवरून जगभरातून माणसं जमतात, जमीन तपासतात, आणि जे सापडेल ते एकेका माणसाप्रमाणे वेगळं करून, ओळख पटवून, घरच्यांच्या हवाली करतात. जुनी नगरं उकरायला जी विद्या लागते तीच इथे लागते. इंदूताई त्या कामात कशा आल्या हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "आधी मी दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक शोधत होती. त्यांची घरी कोणी वाट पाहून राहिलं नव्हतं."

लेआऊटमध्ये मात्र त्यांच्याबद्दल वेगळीच कीर्ती पसरली. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी त्यांना हळूच विचारलं की त्यांच्या प्लॉटमध्ये भोसल्यांच्या काळातलं काही पुरलेलं असण्याचा संभव आहे का. इंदूताईंनी त्यांच्या अंगणात एक चक्कर मारली आणि सांगितलं, "हाय ना. इथी तुमचा पाण्याचा पाइप फुटला हाय." अध्यक्ष रागावले. प्लंबर आला तेव्हा पाइप तिथेच फुटलेला निघाला.

घरात त्या चार-पाच महिने असत, बाकीचं वर्ष बाहेर. असत तेव्हा त्यांचं एक वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येई: "आधी पाहा, मग उचला." आमच्याकडे एकदा चहाची बशी फुटली. सुनंदा केरसुणी घेऊन धावली. इंदूताई दोन्ही हात पसरून मध्ये उभ्या. "हलवू नका!" त्यांनी उकिडवं बसून तुकडे पाहिले, कुठला कुठे गेला ते पाहिलं आणि निवाडा दिला की बशी हातातून सुटलेली नाही, टेबलाच्या कडेवरून ढकलली गेली आहे. ढकलणारा मी होतो. पेपरची घडी उलगडताना माझं कोपर लागलं होतं, आणि मी तोपर्यंत मांजराचं नाव घेऊन मोकळा झालो होतो.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही तर परीक्षाच. महापालिकेने रस्ता खोदलेला दिसला की त्या माझी स्कूटर थांबवायला लावत आणि खड्ड्याची उभी भिंत पाहत बसत. हा आत्ताचा सिमेंट रोड, त्याखाली डांबर, त्याखाली गिट्टी, त्याखाली काळी माती. "एकावर एक सारे खरे बोलून राहिले," असं म्हणून समाधानाने पुन्हा मागे बसत. सीताबर्डीला आम्ही एकदा त्यांच्या कामाचे ब्रश घ्यायला गेलो. मऊ, पण गळणारा नको, असा त्यांचा आग्रह. दुकानदाराने सहा प्रकारचे काढले आणि वैतागून विचारलं, "मॅडम, दीवार के लिए चाहिए कि दरवाजे के लिए?"

"पसली के लिए," इंदूताई म्हणाल्या.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने सातवा ब्रश काढून दिला आणि भाव कमी केला.

थट्टा करतो आहे, पण मला या बाईंबद्दल जो आदर वाटतो तो माझ्या धंद्यामुळे. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की कागद नाही तर खर्च मान्य नाही, आणि लोक मला कोरडा म्हणत आले. इंदूताई माझ्याहून कडक होत्या. अंदाज आपल्यापाशी ठेवायचा, घरच्यांना द्यायचं ते खरंच द्यायचं, हा त्यांचा नियम. एखादी म्हातारी तीस वर्षं वाट पाहून समोर बसते, हात धरून विचारते की हा माझाच ना? तेव्हा "हो" म्हणणं फार सोपं असतं. "त्या 'हो'नं एक बाई समाधानी होते," त्या म्हणत, "आन दुसरीचा पोरगा कायमचा हरवते."

हा नियम त्या आमच्या लेआऊटमध्येही पाळतील, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

झालं असं की मैदानाच्या कोपऱ्यात समाजभवन बांधायचं ठरलं. सोमवारी जेसीबी येणार. आणि त्याच कोपऱ्यात मालूकाकूंचा ठाणेदार पुरलेला होता.

ठाणेदार म्हणजे कुत्रा. नाव काकांनी ठेवलेलं, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायचा. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. ठाणेदार एका डिसेंबरात गेला, तेव्हा काकू बहिणीकडे होत्या. काकांनी एकट्यानेच त्याला पुरला आणि काकू आल्यावर सांगितलं, कडुनिंबाखाली ठेवलाय. पुढे काकाही गेले. काकू रोज संध्याकाळी कडुनिंबापाशी एक पणती लावत. जेसीबीचं कळल्यावर त्या माझ्याकडे आल्या. फार बोलल्या नाहीत. "प्रकाश, त्याला त्या लोखंडी बादलीत उचलू देऊ नकोस रे. माझ्या अंगणात आणून दे. बाकी काही मागत नाही."

मी मजूर बोलावणार होतो. इंदूताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मजूर कायले? मी हाय ना."

शनिवारी सकाळी त्या पुन्हा मैदानात पालथ्या पडल्या. या वेळी कोणी कांदा आणला नाही. नंतर खिळे ठोकून सुतळीने चौकोन आखले, मला टेपचं एक टोक धरायला दिलं, आणि थापीने कडुनिंबाखालची माती पातळ पातळ सोलू लागल्या, जशी आपण साय काढतो. सगळं लेआऊट जमलं. एका कुत्र्यासाठी एवढं? अध्यक्ष म्हणाले, "ताई, सहा इंच खाली टिकास मारला की दिसेलच ना!" इंदूताई म्हणाल्या, "टिकासले दिसत नाही. टिकास आंधळा असते."

इस्त्रीवाला शिवलालही ठेला सोडून येऊन उभा राहिला, पण काकूंपासून लांब. त्या दोघांमध्ये बोलणं नव्हतं. काकूंनी काकांसाठी विणलेला एक निळा स्वेटर शिवलालने हरवला, असं काकांनी सांगितलं होतं. शिवलाल शपथा घेत होता की तो स्वेटर त्याच्याकडे आलाच नाही. तेव्हापासून काकू स्वतः इस्त्री करत आणि रोज एकदा तरी त्याच्या नावाने बोटं मोडत. शिवलालही कमी नव्हता. काकू ठेल्यावरून गेल्या की कोळसा उगाच जोरात फुंकायचा.

इथे काकूंच्या स्वेटरांबद्दल सांगितलं पाहिजे. लेआऊटमधल्या प्रत्येक बाळाला त्यांचा स्वेटर मिळालेला आहे, आणि प्रत्येकाचं सगळ्यात खालचं बटण वेगळं आहे. काकू काजं न मोजता बटणं आणतात, शेवटी एक कमी पडतं, मग डब्यातलं सापडेल ते लावून देतात. आमच्या मुलाच्या स्वेटरला पाच पांढरी आणि एक हिरवं होतं. मी एकदा म्हणालो, "काकू, आधी काजं मोजा, मग बटणं आणा." त्या म्हणाल्या, "हिशेब करून का कोणी स्वेटर विणतं?"

दुपारपर्यंत कडुनिंबाखाली चांगला हातभर खड्डा झाला. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, दोघांमध्ये सरळ रेघ. इंदूताईंनी थापी खाली ठेवली आणि काकूंपाशी जाऊन बसल्या.

"काकू, तो इथी नाही."

"म्हणजे? आणखी खोल असेल."

"नाही वं काकू. आपल्याकडे एकदा का खड्डा केला की काळी माती आन मुरूम एकमेकात मिसळते. पुन्हा कितीही भरा, पहिल्यासारखी होत नाही. ही जमीन कोणी कधी उघडलीच नाही."

"मग माझा ठाणेदार कुठे आहे?"

"ते मले आज सांगता येत नाही."

काकूंचा चेहरा पाहवेना. इतकी वर्षं त्या पणती लावत होत्या. सुनंदा घरी येऊन माझ्यावर चिडली. "चार हाडं काय, कुठलीही दाखवली असती! म्हातारीचं समाधान झालं असतं. एवढं काय खरं धरून बसायचं?" मला इंदूताईंचं पटत होतं, पण कडुनिंबापाशी त्या संध्याकाळी काकूंची पणती लागली नाही, तेही दिसत होतं. कुठे लावायची हेच त्यांना कळत नव्हतं.

रविवारी उजाडता उजाडता इंदूताई कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. भिंतीजवळ एका जागी गवत जरा जास्त हिरवं होतं आणि जमीन बशीसारखी किंचित दबलेली. त्यांनी वरचा थर सोलला आणि मला बोलावलं. "प्रकाशभाऊ, पाहा." मलाही दिसलं. काळ्या मातीत पिवळे ठिपके, खिचडी झालेली, आणि भोवती खड्ड्याची स्पष्ट कड.

"काकूंना बोलावू?"

"नका बोलावू. अजून नाही."

थापी गेली, बांबूच्या कामट्या आल्या, मग सीताबर्डीचा ब्रश. आधी निळा धागा दिसला. मातीत कुजून जायला हवा होता, पण स्वस्तातली लोकर म्हणजे अर्धं प्लॅस्टिक, ती टिकते. मग त्या निळ्यात गुंडाळलेला, पाय पोटाशी घेतलेला, झोपलेलाच वाटावा असा ठाणेदार. इंदूताईंनी फोटो घेतले. कुठलीही गोष्ट हलवण्याआधी क्षणभर थांबल्या, आणि मग अगदी हळू, जणू कोणाला उठवतो आहोत अशा आवाजात म्हणाल्या, "चाल गा ठाणेदार. घरी जाऊ."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जराशा ओशाळल्या. "सवय हाय. सगळ्यायले म्हणते मी."

"तिकडेसुद्धा? मराठीत?"

"तिकडची भाषा मले चार शब्द येते. आपल्या भाषेत म्हटलं तरी चालते, गा. कोणी नाही म्हटलं नाही आजवर."

मग त्यांनी काकूंना बोलावलं. हाडं झाकून ठेवली होती. एका स्वच्छ ताटात फक्त निळ्या विणीचा एक तुकडा आणि सहा बटणं. मी बटणं पाहिली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात इंदूताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते मिटलं. त्या काकूंना एवढंच म्हणाल्या, "हे पाहा. घाई नाही. ओळखीचं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तरी सांगा."

काकूंनी चष्मा पुसला. ताट मांडीवर घेतलं. पाच बटणं निळी होती. सहावं तपकिरी.

"हे माझंच आहे," काकू म्हणाल्या. "यांचा स्वेटर. हा इथे कसा..." आणि त्या थांबल्या. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आणि मग दोन्ही करत होत्या. "डिसेंबर होता. थंडी वाजेल म्हणून माझा नवा कोरा स्वेटर कुत्र्याला घातला म्हाताऱ्याने! आणि मी ओरडेन म्हणून मला धोब्याचं नाव सांगितलं!"

"देखो माताजी!" मागून शिवलाल ओरडला. त्याच्या आवाजात सगळ्या वर्षांचा कोळसा होता. "मैं बोलता था ना! माँ कसम बोलता था!"

"अरे हो रे बाबा, गुन्हेगार सापडला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "उद्यापासून ने कपडे. पण कडक इस्त्री पाहिजे."

कडुनिंबाचं मात्र कोणी बोललं नव्हतं. मुळं लागली असतील म्हणून काकांनी जागा बदलली असेल, आणि स्वेटर आत गेल्यावर, तो कधी कोणाच्या हाती लागू नये म्हणून, जागाही खरी सांगता आली नसेल, असं मला वाटतं. पण तो माझा अंदाज. इंदूताईंनी काकूंना जे होतं तेच सांगितलं. "काकू, पणती कडुनिंबापाशी लागत होती. ठाणेदार भिंतीपाशी होता."

काकूंनी दोन्ही जागांकडे पाहिलं. "फार लांब नव्हता गं. पोचत असेल उजेड."

ठाणेदार त्याच निळ्यासकट काकूंच्या अंगणात गेला. जमीन त्या दिवशी सगळ्यांनी आळीपाळीने खोदली, अध्यक्षांनीसुद्धा. मग काकूंनी आम्हाला चहा दिला, आणि मला प्रथमच कळलं की इंदूताई परदेशात सापडलेल्यांच्या घरी कधीच काही खात नाहीत, अवशेष हवाली करून लगेच निघतात. इथे मात्र काकूंनी त्यांना हाताला धरून बसवलं होतं.

"तुला कसं गं सुचलं, मला स्वेटरच आधी दाखवायचा?" काकूंनी विचारलं.

"तिकडे तसंच करतो. आया चेहरा विसरतात, वीण विसरत नाहीत. टाका चुकला असला, रफू केलं असलं, की हात लावताच म्हणतात, हा माहा. दुकानातले कपडे असले की लय कठीण जाते. सारखेच असतात ना."

काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. राखाडी शर्ट, राखाडी पँट. इंदूताई नेहमी तेच घालत, एकाच दुकानातून एकदम आणलेले. "आणि तुझा स्वेटर कोणी विणला?"

"मले कोण विणते, काकू? विमानतळावर भेटला." इंदूताई हसल्या. "मी हरवली तर सामान पाहून काही पत्ता लागणार नाही. माह्यासारखे हजारो असतील." आणि बशीत चहा ओतून घेतला.

थट्टेतच म्हणाल्या त्या. मीही हसलो. काकू हसल्या नाहीत.

जानेवारीत इंदूताईंना पुन्हा बोलावणं आलं. कुठे, ते त्या सांगत नाहीत, पण बर्फ असलेल्या देशात. दरम्यान काकूंनी मला बोलावून बटणं आणायला सांगितली. मी आधी काजं मोजली. सहा होती. सीताबर्डीला जाऊन मोजून सहा करड्या रंगाची बटणं आणली, आणि खरं सांगतो, मला थोडा अभिमान वाटला की या घरातला एक स्वेटर तरी आता बरोबर होणार.

निघायच्या दिवशी ऑटो दारात उभा होता. कळमन्याच्या बाजारातून आणलेली संत्री इंदूताईंनी आम्हा सगळ्यांना वाटली होती, घराची किल्ली सुनंदाकडे दिली होती. तेवढ्यात काकू आल्या आणि पायरीवर एक करडा स्वेटर पसरून ठेवला.

मी लगेच पाहिलं. वरून पाच करडी. सहावं लाल. चांगलं मोठं, फ्रॉकचं असावं तसं.

"काकू!" मी म्हणालो. "सहावं कुठे गेलं? मी मोजून आणली होती."

"आहे की डब्यात."

"मग हे काय?"

"तू गप रे," काकू म्हणाल्या. "ओळखू नको का यायला?"

इंदूताई पायरीसमोर उकिडव्या बसल्या. हात गुडघ्यांवर. वरपासून खालपर्यंत एकेक ओळ त्यांनी पाहिली, त्या लाल बटणापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. त्या हलल्या नाहीत. आम्हीही कोणी हललो नाही. पुन्हा हॉर्न वाजला, तेव्हा त्यांनी स्वेटर दोन्ही हातांनी, तळव्यांवर पेलून उचलला, अंगात घातला आणि लाल बटणापर्यंत सगळी बटणं लावली.

नागपूरचं दुपारचं ऊन जानेवारीतही काही कमी नसतं. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, इतनी धूप में स्वेटर?"

"हौ," इंदूताई म्हणाल्या. "घर का है."